खिशातून येणारा देव

पंगत बसली की मी पहिल्या ओळीत असते. लहानपणापासूनची खोड आहे. आपल्या पाठीमागं पुढच्या पंगतीची माणसं येऊन उभी राहतात, आपल्या पानात किती भात उरलाय ते डोकावून बघतात, मुद्दाम खाकरतात. मी कुणाला दाद देत नाही, फक्त मठ्ठा जरा घाईनं पिते. माझी काकी म्हणते, "हिला कुठंबी न्या, हिचं पान आदी लागतंय." हे मीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी चुगली करायला नको.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं, डांबरी रस्त्याच्या फाट्यावरून आत. चारी बाजूंनी ऊस. घरटी एक माणूस फौजेत. अशा गावात माझी आई म्हणजे एकुलती एक कॅथलिक बाई. ती मूळची सांगलीची, मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, सुट्टीवर आले असताना पाय मोडून घेऊन तिच्या वॉर्डात दाखल झाले. पाय बरा झाला तरी हे लंगडतच होते. डॉक्टर बुचकळ्यात पडले. आईला कारण पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण तीही काही बोलली नाही. पुढं दोन्हीकडच्या मंडळींनी जो काय दंगा करायचा तो केला आणि शेवटी सगळे जेवून गेले.

आण्णा गावच्या भैरोबाचे. बाप्तिस्मा घ्या असं त्यांना फादरांनी एकदा सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, "फादर, एका रेजिमेंटचं मीठ खाल्लंय. आता बदली मागणं बरं दिसत न्हाई." पण आण्णा दर रविवारी आईला मोटारसायकलवर बसवून साताऱ्याच्या चर्चला न्यायचे. ती आत, हे बाहेर. फाटकाजवळच्या झाडाखाली गाडीवर बसून पेपर वाचायचे. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एक वेळ अशी येते की घंटी वाजते आणि सगळे गुडघे टेकतात. ती घंटी ऐकू आली की आण्णा पेपरची घडी करायचे आणि गाडीच्या शेजारी सावधान उभे राहायचे. दुसरी घंटी झाली की विश्राम. मी लहानपणी विचारलं, आण्णा, तुम्ही का उभे राहता? म्हणाले, "आत कुणीतरी मोठा साहेब आल्याबिगर घंटी वाजत न्हाई."

माझं बालपण या दोघांच्या मध्ये गेल्यामुळं थोडी गडबड झालेली आहे. चर्चमध्ये बाकावर बसायच्या आधी एक गुडघा टेकायचा, ही सवय इतकी अंगात मुरली होती की सांगलीला आजोळी मामानं नाटकाला नेलं तेव्हा मी खुर्चीत शिरायच्या आधी पडद्याकडं तोंड करून गुडघा टेकला. मागून येणारे एक धोतरवाले गृहस्थ माझ्यावर आपटता आपटता वाचले. त्यांना वाटलं, पोरीला रंगभूमीविषयी फार आदर आहे. मामानं तेच खरं म्हणून सांगितलं.

आईचा देव मात्र चर्चपुरता नव्हता, स्वयंपाकघरात त्याचा वावर जास्त. भाकरी तव्यावर टाकायच्या आधी ती तिच्यावर बोटानं क्रूस काढायची. दूध उतू गेलं की छताकडं बघून म्हणायची, "बघत होतास ना? मग सांगायला काय झालं?" तिच्या बोलण्यात देवाला 'तू' आणि आण्णांना 'अहो'. स्वर्गाबद्दल तिच्या कल्पना अगदी स्वच्छ होत्या. तिथं जिने नसणार, वीज जाणार नाही, आणि चार वाजता चहा कुणीतरी दुसरं करणार. आण्णा म्हणायचे, "आन् मी?" ती म्हणायची, "तुम्ही फाटकापाशी असालच की पेपर घेऊन."

तेव्हा दोघं हसायचे. पुढं हीच गोष्ट तिच्या जिवाला लागली.

झालं असं की आई न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. खाट खिडकीपाशी आली. आता चर्चला जाणं बंद. आमच्यात रीत अशी की आजारी माणूस देवाकडं जाऊ शकत नसेल तर देव त्याच्याकडं येतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन घरी येतात. मिस्सेत आशीर्वादित केलेली पांढरी पातळ गोल भाकर, छोट्या सोनेरी डबीत, आणि ती डबी शर्टाच्या डाव्या खिशात. ती नुसती भाकर नव्हे, साक्षात प्रभू आहे, अशी आमची श्रद्धा. म्हणून ती घेऊन येताना वाटेत कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत, कुठं थांबायचं नाही. घरात पांढरं कापड अंथरून मेणबत्ती लावून ठेवायची.

आईनं हे सगळं आण्णांना समजावून सांगितलं. आण्णांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे साक्षात खिशात बसून येणार?"

"हो."

"आन् फाट्यापासनं घरापतूर एकटंच येणार? एस्कॉर्ट न्हाई?"

पहिल्याच शुक्रवारी आण्णा इस्त्रीचे कपडे घालून, गळ्यात फौजेतली शिट्टी अडकवून फाट्यावर जाऊन उभे राहिले. फादरांची मोटारसायकल दिसली की कडक सॅल्यूट. तो फादरांना नव्हता, खिशाला होता. मग आपली गाडी पुढं घालून, भर दुपारी दिवा लावून, शिट्टी फुंकत ते फादरांना गावातून आणायचे. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. आण्णा हात करून सगळ्यांना कडेला घ्यायला लावायचे. ड्रायव्हर विचारायचे, कुणाची गाडी हाय? आण्णा सांगायचे, "लय मोटा साहेब हाय, चल, बाजूला घे." चहाला बोलावणाऱ्यांना तर ते शिट्टीनंच उत्तर द्यायचे. आमच्या गावात माणूस दारावरून चहा न पिता गेला तर तो अपमान समजतात, त्यामुळं हे काम सोपं नव्हतं.

काका, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, समोरच राहतात. ते खिदळायचे. "दादा, वहिनीच्या देवाचा डायवर झालास व्हय रं?" आण्णा म्हणायचे, "पायलट म्हणत्यात त्याला."

आणि घरात आणून सोडलं की आण्णा आत यायचे नाहीत. दाराबाहेर पायरीवर बसायचे. आई म्हणायची, या की आत. ते म्हणायचे, "ड्यूटीवर हाय."

मग एका दुपारी आण्णा जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. गावच्या रिवाजाप्रमाणं नदीकाठी सगळं झालं. आईला तिथं जाता आलं नाही. खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं तिनं पाहिलं. मी नोकरीच्या गावाहून, सांगलीहून, धावत आले तेव्हा ती रडत नव्हती. तिनं मला विचारलं, "ते आता कुठं असतील गं?" मी शाळेत मराठी शिकवते. मला काय कळणार? मी तिचा हात धरून बसले, आणि मला माझाच राग आला की मला तिला काही म्हणजे काही सांगता येत नाही.

तिनं मग तज्ज्ञांना विचारायचं ठरवलं.

त्या काळात दर पहिल्या शुक्रवारी मी रजा काढून गावी यायचे, आणि आमच्याकडं येणारे फादर बरेच बदलले. आई प्रत्येकाला हाच एक प्रश्न विचारायची: माझा नवरा स्वर्गात असेल का? आणि उत्तराप्रमाणं चहा ठरायचा. पहिले फादर वयस्कर होते. ते म्हणाले, "देवाची दया अथांग आहे." आई म्हणाली, "ते मलाही माहीत आहे," आणि काकीला खूण केली. त्यांना बिनदुधाचा चहा मिळाला. दुसऱ्यांनी पोथीतले दाखले देऊन पाऊण तास समजावलं की चर्च बाहेरच्या माणसालाही तारणाची वाट नाकारत नाही. त्यांना दुधाचा चहा मिळाला, पण आईला मधेच डुलकी लागली होती म्हणून बिस्किटं राहिली. तिसरे म्हणाले, "हो आई, नक्की असणार, काळजी करू नका!" मला वाटलं, चला, आता पुरणाचा बेत. पण आई त्यांच्याकडं बघत राहिली. ते गेल्यावर म्हणाली, "याला घाई होती. मीपण पेशंटला असंच सांगायचे. काही होत नाही, बरं वाटेल." नर्सला फसवणं अवघड असतं.

हे तिसरे बदलून गेले आणि एक तरुण फादर आले. नुकतीच दीक्षा झालेले, नियमाला एकदम कडक. वाटेत बोलायचं नाही म्हणजे नाही. आईनं त्यांना प्रश्न विचारला. ते बिचारे लाल झाले आणि म्हणाले, "आई, मला माहीत नाही. मी त्यांना ओळखतही नव्हतो."

आई म्हणाली, "मग डबी खिशात ठेवा. प्रभूच्या ज्या पंगतीत माझ्या नवऱ्याला जागा आहे की नाही हे कुणी सांगत नाही, त्या पंगतीचं मला काही नको."

आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी हादरले. माझी आई, जिनं कम्युनियन चुकू नये म्हणून रात्रपाळी करून न झोपता मिस्सा गाठल्या, ती प्रभूला दारातून परत पाठवत होती! फादरांनी प्रार्थना म्हटली आणि डबी खिशात घालून ते गेले. मेणबत्ती तशीच जळत राहिली.

यात प्रभूची बाजू घेऊन भांडायला उठली ती काकी. काकी कट्टर भैरोबाची. पण देव दारात आला आणि उपाशी परत गेला हे तिला सहन होईना. "आवं बाई, वाटंवरल्या भिकाऱ्याला आपुन भाकरी दिल्याबिगर लावून देत न्हाई. आन् तुमी देवाला माघारी धाडला? साताऱ्यासनं एवढ्या उनातनं आलं हुतं त्ये!"

आई म्हणाली, "तो खायला येत नाही गं. मला खायला घालायला येतो."

"मग तर लयच झालं! वाडलेलं ताट लाथाडलं म्हना की!"

दोन जावांचं हे धर्मशास्त्र बराच वेळ चाललं. मला हसूही येत होतं आणि काळजीही वाटत होती. कारण आईची तब्येत उतरत चालली होती, आणि ती अशीच रुसून गेली तर? तिला नको म्हणजे नको हे खरं नव्हतं. दर पहिल्या शुक्रवारी सकाळी ती केस विंचरून घ्यायची, स्वच्छ पातळ नेसवून घ्यायची, पांढरं कापड अंथरायला सांगायची. आणि फादर आले की प्रश्न विचारून भिंतीकडं तोंड. पुढच्या महिन्यातही तेच झालं. फादर गेल्यावर तिची उशी ओली असायची. मी ते बघितल्याचं दाखवलं नाही.

मग मे महिना आला आणि त्याच्या पहिल्या शुक्रवारी काकांच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. स्लॅबचं घर, समोरच. काकांना हल्लीचं उभ्यानं जेवणं मान्य नाही. "हातात ताट घिऊन फिरायला मान्सं काय कैदी हायती?" म्हणून त्यांनी आमच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव घातला आणि पंगती बसवल्या. गाड्या लावायचा घोळ नको म्हणून सकाळीच आमच्या दाराजवळच्या खिळ्यावरची आण्णांची शिट्टी मागून नेली. आई म्हणाली, "न्या भाऊजी. पण परत आणा." पहाटेपासून काका नव्या घराच्या फाटकात उभे, पाव्हण्यांचं स्वागत, गाड्यांना शिट्टी.

मी पहिल्या पंगतीला जेवून घेतलं होतं, हे सांगायला नकोच. वांग्याची भाजी फर्मास होती.

दुसरी पंगत उठून तिसरी बसत होती. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी तरुण फादर आले. मांडवामुळं गाडी आत येईना. त्यांनी ती बाहेर लावली आणि डाव्या खिशावर हात ठेवून चालत निघाले. मे महिन्याचं ऊन, घामानं निथळलेले, चेहरा गंभीर, आणि नियमाप्रमाणं तोंड गच्च बंद. मी आईच्या खिडकीतून बघत होते.

आमच्या लोकांनी काय पाहिलं? एक अनोळखी तरुण माणूस, छाती धरून, घामाघूम, अडखळत चाललाय, आणि विचारलं तर बोलत नाही.

"आवं, ह्येला ॲटॅक आलाय!" कुणीतरी ओरडलं.

झालं. पंगत अर्ध्यावर उठली. चार माणसांनी फादरांना उचलून खुर्चीत बसवलं. एकानं पत्रावळीनं वारा घालायला सुरुवात केली. काकीनं आतून तांब्या आणून त्यांच्या डोक्यावर ओतला आणि कांदा फोडून नाकाशी धरला. काकीनं फादरांना पुष्कळदा पाहिलं होतं, पण शर्टावर घातलेल्या पांढऱ्या झग्यात. आज ते साध्या शर्टात होते. मिलिटरीतून रिटायर झालेला एक नर्सिंगवाला त्यांच्या शर्टाच्या गुंड्या काढायला लागला. "हात काडा छातीवरचा, मला तपासू द्या!" फादर हात काढेनात. दोन्ही हातांनी खिसा दाबून धरलेला, डोळे मोठे झालेले, आणि अजूनही अक्षर बोलत नव्हते. केवढा हा नियम! मी पळत बाहेर आले, पण मांडवात मला पुढं जायला वाट मिळेना.

"साकरंचं पाणी आना! ह्यास्नी द्या, आन् मालकास्नी बी द्या, सकाळधरनं पोटात काय न्हाई त्यांच्या," कुणीतरी म्हणालं. फाटकातून काका पळत आले. पुढं केलेला पेला त्यांनी बाजूला सारला. "मला नगं. पाव्हण्यास्नी बगा आदी. कोन हाय?"

मग त्यांनी तोंड बघितलं. मग खिशावरचे हात बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली की मांडवावरची पाखरं उडाली.

"सोडा त्यास्नी! कुनी हात लावू नका! खिशात वहिनीचा देव हाय!"

नर्सिंगवाल्यानं हात मागं घेतले आणि काय करावं न सुचून त्या उघड्या शर्टाला सॅल्यूट ठोकला. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. कुणीतरी चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. काका पुढं झाले, हात करून माणसं बाजूला सारली, आणि आण्णांच्या पद्धतीनंच, पाय आपटत, शिट्टी फुंकत फादरांना आमच्या दारापर्यंत आणलं. दारात थांबले. "आत या की काका," मी म्हटलं. "नगं. माजं पाव्हणं खोळंबल्यात," म्हणाले आणि पुन्हा फाटकात जाऊन उभे राहिले.

फादर आत आले. डोक्यावरून पाणी गळतंय, शर्टाच्या दोन गुंड्या तुटलेल्या, अंगाला कांद्याचा वास. त्यांनी डबी पांढऱ्या कापडावर ठेवली, एक मोठा श्वास सोडला आणि एकदम हसायला लागले. आईही हसली. तिनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. कितीतरी महिन्यांनी तिला असं पोट धरून हसताना पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हसणं संपलं तशी आई गंभीर झाली. मला कळलं, आता प्रश्न.

"फादर, माझा नवरा त्या पंगतीत आहे का?"

फादर खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर तिसरी पंगत पुन्हा बसली होती, वाढपी भात घेऊन धावत होते. फाटकात काका उन्हात उभे होते.

"आई, ते शिट्टीवाले कोण?"

"माझे दीर."

"ते पंगतीत बसलेले दिसत नाहीत."

"नाहीत बसले."

"का? त्यांना कुणी बोलावलं नाही?"

आई उसळली. "बोलावणार कोण? घर त्यांचं आहे! घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुण्यांच्या आधी ते कसे..."

आणि ती थांबली.

तिच्या तोंडून निघालेलं तिचं तिलाच ऐकू आलं. ती काकांकडं बघत राहिली. फादर हळू आवाजात म्हणाले, "मला खरंच माहीत नाही, आई. मी कुणाची खात्री देऊ? मी स्वतःच तिथं पाहुणा आहे. पण तुम्ही सांगता तसा प्रभूच्या दाराशी इतकी वर्षं जो माणूस उभा होता, तो पंगतीत दिसत नाही म्हणून त्याला जागा नाही, असं मी तरी म्हणणार नाही."

आईनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, आता ती शांत होणार. पण माझी आई ती माझी आई. तिनं खाटेवर थाप मारली.

"एक मिनिट. म्हणजे मी पाहुणी आणि हे घरचे?"

फादर गडबडले.

"इतकी वर्षं गुडघे मी झिजवले, उपवास मी केले, मिस्सा मी ऐकली. हे बाहेर बसून पेपर वाचत होते! आणि हे घरचे?" मग छताकडं बघून, "ऐकतोयस ना? हा कुठला न्याय?"

बाहेर कुणीतरी मठ्ठा मागत होतं. आई पुटपुटत राहिली आणि मग तिनं तोंड, या वेळी भिंतीकडं नव्हे, डबीकडं केलं. दोन्ही हात एकावर एक ठेवले. "द्या," म्हणाली. "आणि त्याला सांगा, मला पहिल्या पंगतीला बसवू नको. माझं माणूस उठेपर्यंत, नाही, बसेपर्यंत मी थांबते."

फादरांनी डबी उघडली. मी गुडघे टेकले. आई कम्युनियन घेत असताना तिचा चेहरा मी पाहिला, आणि मला प्रथमच पटलं की ती जे म्हणते ते असेल. म्हणजे त्या भाकरीत खरंच कुणीतरी असेल. मी लहानपणापासून 'आमेन' म्हणत आले होते, पण ते सवयीनं.

त्या दिवशी फादरांना आटवलेल्या दुधाचा चहा मिळाला. तेवढ्यावर सुटका होणार नव्हती. काकीनं त्यांना पंगतीला बसवलं. ते म्हणाले, मी शेवटच्या पंगतीला बसतो, घरच्यांबरोबर. काकी म्हणाली, "गप बसा. पाव्हणं हाय तुमी. आन् आताच तर मरता मरता वाचलायसा." जिलेबीची चळत त्यांच्या पानात पडली.

आई त्यानंतर ऊसतोड सुरू होईपर्यंत होती. शुक्रवार चुकला नाही. फाट्यावर आता काका जायचे, आण्णांच्या गाडीवर, दिवा लावून. ते काही मानतात असं नाही, पण म्हणायचे, "दादाची ड्यूटी हाय, मोडायची न्हाई." शेवटी शेवटी आई फार बोलत नव्हती. एकदा मला म्हणाली, "फाटकापाशीच बघ हं मला. आत शोधत बसू नको." मी म्हटलं, बरं. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

तिला दफनाला साताऱ्याला नेलं त्या दिवशी रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली होती. काका पुढं, शिट्टी फुंकत. सगळे ट्रॅक्टर कडेला थांबले. एकानं विचारलं, कोण साहेब हाय? काका म्हणाले, "साहेबाची पाव्हणी हाय." ते रडत होते आणि शिट्टी नीट वाजत नव्हती.

आईच्या महिन्याची मिस्सा झाली तेव्हा काकीनं गावात जेवण घातलं. आमच्या बोळात पुन्हा मांडव, पुन्हा पंगती. पहिली पंगत बसली. काकीनं सवयीनं माझं पान मांडलं आणि हाक मारली. मी फाटकात उभी होते, येणाऱ्यांना नमस्कार करत. माझ्या सांगलीच्या मामाला ऊन लागत होतं, त्याला सावलीत बसवायचं होतं. कुणाला हात धुवायला पाणी हवं होतं.

"आगं, पान वाडलंय तुजं!" काकी.

"पाहुणे उठू देत," मी म्हटलं.

काकी हातातली परात धरून माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं ते पान दुसऱ्या कुणालातरी दिलं.

सगळे जेवून गेल्यावर शेवटची पंगत बसली. काका, काकी, मी, वाढपी पोरं, आणि फादर. या वेळी त्यांना काकीनं अडवलं नाही. भात गार झाला होता, भाजीत वांग्यापेक्षा रस्सा जास्त, जिलेब्यांचे तुकडे. काका आण्णांच्या मोडलेल्या पायाची गोष्ट सांगायला लागले, ते किती दिवस खोटं लंगडले ते. मला हसू आलं. दोघांची खूप आठवण आली, आणि तरी कितीतरी दिवसांनी मनात भीती नव्हती. मी सवयीनं मठ्ठा घाईघाईनं उचलला आणि मागं वळून बघितलं. मागं कुणीच उभं नव्हतं. कुणी खाकरत नव्हतं, कुणी पानात डोकावत नव्हतं.

मी वाटी खाली ठेवली आणि काकीकडं अजून थोडा भात मागितला.